तर्रीचा दीड महिना

आमच्या घरात ‘पिंजरा’ हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते आणि शाळेतून उरलेला सगळा वेळ त्यांनी पत्रकं लिहिण्यात, छापण्यात आणि वाटण्यात घातला. बीडमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या मागे पत्र्याची शेड होती आणि त्या शेडमध्ये पायाने मारायचं जुनं छपाईयंत्र. संध्याकाळी ते सुरू झालं की शेडमधून खटक-धडाक आणि चुलीपाशी आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, दोन्ही एकाच लयीत चालत. शाईचा वास आणि येसराच्या आमटीचा वास इतके एकमेकांत मिसळलेले असत की अजूनही ताजं छापलेलं पत्रक हातात आलं की मला भूक लागते. मी वाचायला शिकले ती शाळेच्या पुस्तकावर नाही, दोरीवर वाळत घातलेल्या पत्रकांवर. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यायच्या आधी मला ‘साखळदंड’ वाचता येत होतं. नाव अर्थातच क्रांती. पाहुणे आले तर खुर्च्या कमी पडत, मग ते पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसत. त्या पत्रकांची एक रीत होती. वर मोठ्या अक्षरात प्रश्न आणि खाली लगेच उत्तर. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कुणाला बोलायला जागा ठेवलेली नसे. मीही तशीच बोलायचे.

माझं वय अजून आत्मचरित्र लिहिण्याचं नाही, हे मला कळतं. पत्रकं मी आजही लिहिते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण त्या उन्हाळ्यातला दीड महिना एकदा नीट लिहून ठेवला नाही, तर माझ्या इतर लिखाणावरचा माझाच विश्वास उडेल, असं अलीकडे वाटायला लागलं आहे.

त्या उन्हाळ्यात शेवंतामामी आमच्याकडे राहायला आली होती. आईच्या थोरल्या भावाची ही बायको. माहेरचे आणि सासरचे, दोन्हीकडचे लोक मेंढ्या राखणारे; गाव उमापूरच्या बाजूला, पण वर्षातले आठ महिने बिऱ्हाड मेंढरांमागे, आज या शेतात तर उद्या त्या शेतात. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी महिनाभर धूळ, धूर आणि खाली वाकणं बंद केलं होतं. काळा चष्मा लावून ती बाहेरच्या खोलीत खाटेवर बसायची आणि उजेडाकडे पाठ करून चातीवर लोकर कातायची. चाती म्हणजे हाताने भिरकावून फिरवायची लाकडी कातणी. ती फिरताना बारीक भिर्र असा आवाज येतो आणि काळ्या लोकरीचा धागा हातभर लांब होत जातो. मामीला त्यासाठी डोळ्यांची गरजच नव्हती. “मेंढरं तिकडं, मी हितं,” ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. “मलाच कोकरावानी डालग्याखाली घातलंय डाक्टरनं.” पण तक्रारीचा सूर नसायचा. नियम म्हणजे नियम. चुकूनसुद्धा तिने एकदाही डोळ्याला हात लावला नाही.

मामी येऊन आठच दिवस झाले असतील, आणि सादिकचा फोन आला. सादिक माझ्या कॉलेजातला. तो आणि त्याचे तीन मित्र रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांवर उपचार करवून आणत. मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाब्याशेजारी एक तांबूस कुत्री ट्रकखाली सापडली होती. ढाब्यावरची पोरं तिला रंगावरून तर्री म्हणत. मागच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आत पट्टी घालून स्क्रूने हाड बसवलं होतं, पण पुढे तिला ठेवायचं कुठे? सादिकच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं.

“फक्त दीड महिना,” सादिक दारात उभा राहून म्हणाला. रिक्षातून त्याने आधी तर्रीला उतरवलं आणि मग लोखंडी जाळीचा एक पिंजरा. मी त्या पिंजऱ्याकडे बघत राहिले.

“हे काय आहे?”

“डॉक्टरांनी सांगितलंय. दिवस-रात्र यातच. शी-शूपुरतं पट्टा लावून बाहेर, बस. ती पळाली, उडी मारली, घसरली, तर हाड सरकेल. पुन्हा जुळायचं नाही, मग पाय काढावा लागेल. ऐकतेयस ना? बघ हां क्रांती, तुझं भाषण मला माहितीय, पण हाड भाषण ऐकत नाही.”

मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानांनी ऐकलं. पिंजरा बाहेरच्या खोलीत ठेवला, तळाशी जुन्या पत्रकांचा जाड थर पसरला, वर पोतं. अण्णा शाईचे हात पुसत आले, पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “कडी कशाला लावतेस? तिला समजावून सांगितलं तर ती आपणहून बसेल.” हे ते गमतीने म्हणाले नव्हते.

पहिल्या रात्री दिवा मालवला आणि तर्रीने सूर लावला. आधी बारीक कुंई-कुंई, मग जाळीवर नखं, मग असा लांब आवाज की शेजारचे काका खिडकीतून ओरडले, “अहो मास्तर, कुणाचा जीव घेताय?” मी धावत जाऊन कडी काढली. ती तीन पायांवर लंगडत बाहेर आली आणि माझ्या मांडीत डोकं घालून गप्प झाली. मला रडू आलं. अर्ध्या तासाने परत आत ठेवलं, परत सूर, परत मी कडी काढली. पहाटेपर्यंत असं सहा-सात वेळा झालं. दुसऱ्या रात्री ती दिवा मालवायच्या आधीच रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसून वहीत लिहिलं: ‘पिंजरा कोणाच्या सोयीसाठी?’ आणि खाली लगेच उत्तर. ते पान मी सकाळी मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णांनी एक शब्द बदलायला सुचवला. मामीने चाती थांबवली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “चांगलं लिव्हलंस. आता तिला पाणी दे, भांडं कोरडं पडलंय.”

तिसऱ्या रात्री मी तत्त्वाला जागले. पिंजऱ्याचं दार सताड उघडं ठेवलं, सुतळीने बांधून टाकलं आणि स्वतः त्या दारात आडवी झोपले. रखवालदार म्हणून नाही, सोबती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. मध्यरात्री रस्त्यावर कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न वाजला. त्या जिवाने ट्रकखालून पाय काढलेला. ती माझ्यावरून उडी मारून सुटली, फरशीवर घसरली आणि भिंतीवर आदळली. तो आवाज लिहिता येत नाही. मी लिहिणारही नाही.

सकाळी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. एक स्क्रू हलला होता. हाड अजून जागेवर होतं, केसभराने. “आणखी एकदा असं झालं तर मी काही करू शकणार नाही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “दार कसं काय उघडलं?” मी म्हणाले, उघडं राहिलं. आयुष्यात मी भीतीने फार वेळा खोटं बोललेले नाही. ते एक आहे.

घरी आल्यावर माझा सगळा राग निघाला तो मामीवर. राग असाच असतो, जिथे उलट उत्तर येणार नाही तिथे जातो. “तुम्ही तीन रात्री इथेच खाटेवर होतात,” मी म्हणाले. “जन्मभर जनावरं सांभाळलीत. तुम्हाला दिसत नव्हतं मी काय करतेय ते? का बोलला नाहीत?”

मामीने काळा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. “मला कुणी इचारलं का?” ती म्हणाली. “तुमच्या घरात समदे बोलत्यात, किरांते. इचारतंय कोण?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं पीठ वाळून गेलं तरी ती हलली नाही. अण्णा शेडमध्ये गेले, पण यंत्र काही सुरू झालं नाही.

मग मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर माहीत नसताना. “मामी, काय करू?”

“आधी दिवसा कर,” मामी म्हणाली. “रातच्याला शिकवतंय का कुणी? नवी मेंढी आनली, आय मेलेलं कोकरू आलं, की आमी त्याला डालग्याखाली घालतो. मोठी टोपली पालथी. पण पयल्या दिवशी टोपली नुसती जवळ ठिवायची. त्यानंच वास घ्यायचा, त्यानंच आत तोंड घालायचं.”

आणि सुरू झालं. भाकरीचा तुकडा दुधात बुडवून पिंजऱ्याच्या आत, दार उघडं, माझ्या हातात पट्ट्याचं टोक. तर्री आत जायची, खायची, बाहेर यायची. कुणी काही बोलायचं नाही. मामीने मला पिंजऱ्याकडे पाठ करून बसवलं. “बघू नगस तिच्याकडं. तू बघितलंस की तिला वाटतंय कायतरी हुणार हाय.” दुपारनंतर तर्री आत खात असताना दार लोटायचं आणि मामीच्या चातीवर हातभर सूत निघेपर्यंत तसंच ठेवायचं. एक हात सूत, आणि दार उघडायचं, ती रडायच्या आत. मग दोन हात. मग चार. घड्याळ आमच्या भिंतीवर होतं, पण मामीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तर्रीचा श्वास जलद झाला की मामी सूत आखूड काढायची, तर्रीने मान खाली टाकली की लांब. एका डोळ्याची, काळ्या चष्म्याआडची ती बाई नुसत्या कानांनी त्या कुत्रीचं मन वाचत होती. मी समोर बसून थक्क होत होते. आमच्या शेडमध्ये ‘श्रमिकांचं ज्ञान’ या विषयावर पत्रकांचे दोन गठ्ठे पडून होते. त्यातलं एकही अक्षर मी अशा माणसाला काही विचारून लिहिलेलं नव्हतं.

रात्रीसाठी तिने पिंजरा खाटेला लावून घेतला. तीन बाजूंनी आपली स्वतःची घोंगडी टाकली, दाराची बाजू मोकळी. झोपायच्या आधी तर्रीला पट्ट्याने अंगणात नेऊन आणायचं. पोत्यावर भाकरीचा चुरा पसरायचा, म्हणजे ती हुंगत हुंगत दमेल. मग दार, कडी, दिवा बंद. तर्री रडली. मी उठून बसले.

“बस खाली,” अंधारातून आवाज आला.

“रडतेय ती.”

“मला ऐकू येतंय. डोळ्याचं आपरेशन झालंय, कानाचं न्हाई.” चाती भिर्र फिरत होती. “रडल्यावर दार उघडलंस तर तिला काय कळंल? रडल्यानं दार उघडतंय. मंग ती रोज रडंल, रातभर रडंल. गप झाली की उघड. उलीसं उघड, परत लाव.”

मी पत्रकांवर वाढलेली. मला राहवेना. “मामी, हे तर सरकार करतं. ओरडणाऱ्याकडे बघायचं नाही, गप्प बसणाऱ्याचं कौतुक करायचं.”

चाती थांबली. “सरकार,” मामी म्हणाली, “खाटंवरनं हात खाली सोडून रातभर जागं ऱ्हातंय का गं?”

मी वाकून पाहिलं. तिचा डावा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि बोटं जाळीला टेकलेली होती. ती थोपटत नव्हती, बोलावत नव्हती. हात नुसता होता. तर्रीने बऱ्याच वेळाने नाक त्या बोटांना लावलं आणि एक मोठा श्वास सोडला. ती गप्प झाल्यावर मामीने कडी काढली, थोडा वेळ थांबली आणि परत लावली. तर्री उठली नाही.

आणखी एक गोष्ट. एका रात्री तर्री पुन्हा रडायला लागली आणि मी ताठ बसून राहिले, शिकलेला नियम पाळत. मामी म्हणाली, “ऊठ, भाईर ने.” मी म्हणाले, “पण रडल्यावर उघडायचं नाही ना?” “हे रडनं न्यारं हाय. लघवीचं हाय. नियम म्हंजी कान बंद करायचे का?” मी तिला पट्ट्याने अंगणात नेलं, लाड न करता परत आणलं, आणि ती झोपली. आज मी कुठल्याही सभेत घोषणा ऐकते तेव्हा मनाशी विचारते, हे रडणं कुठलं? पुष्कळदा उत्तर येत नाही. पण विचारते.

तिसऱ्या आठवड्यात मामीचा डोळा तपासून झाला आणि डॉक्टरांनी तिला सोडलं. त्याच दुपारी मामा न्यायला आले. मेंढरं गेवराईकडच्या एका शेतात खतासाठी बसवली होती आणि तिथून हलवायची होती. मामीने घोंगडी पिंजऱ्यावर तशीच राहू दिली. “तिला वास हाय माजा,” ती म्हणाली. “पाय जुळल्यावर धाडून दे. आन डाक्टरकडं गेलीस की मला फोन लाव, तितनंच.” जाताना तिने नुसता जाळीवरून हात फिरवला.

ती रात्र मला कधी विसरता येणार नाही. खाटेवर मी होते. मी हात खाली सोडला. तर्रीने हुंगला आणि मान फिरवली. तो हात मामीचा नव्हता. मग ती रडायला लागली, पहिल्या रात्रीसारखी. ऐकलं, नीट ऐकलं. लघवीचं नव्हतं, दुखण्याचं नव्हतं. ती कुणाला तरी बोलवत होती आणि ते माणूस आता येणार नव्हतं. मला तिचं म्हणणं पूर्ण पटत होतं. तेवढ्यात ती उठून दारावर धडका द्यायला लागली आणि मला डॉक्टरांनी उजेडात धरलेला तो फोटो दिसला, केसभर जागेवर राहिलेलं हाड.

अण्णा उठून आले. केस विस्कटलेले, चेहरा पडलेला. “क्रांती, उघड ते,” ते म्हणाले. “मला नाही सहन होत.” आणि त्यांनीच वाकून कडीला हात घातला.

ज्या माणसाने मला बोलायला शिकवलं, त्याचा हात मी मनगटाशी धरला. “अण्णा, हात काढा.”

“अगं, तो जीव—”

“ती आत्ता सुटली तर तिचा पाय जाईल. हात काढा. आणि बोलू नका. खाली बसा, तिच्याकडे पाठ करून.”

ते खरंच बसले, पिंजऱ्याकडे पाठ करून, फरशीवर. थोड्या वेळाने आई आली आणि काही न विचारता त्यांच्याशेजारी बसली. आम्ही तिघं अंधारात, तिघांची तोंडं भिंतीकडे, आणि मागे तर्रीचा आवाज. आमच्या घरात इतका वेळ कुणी गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. माझा हात लोंबून लोंबून बधिर झाला. अण्णांच्या खांद्यांची थरथर मला दिसत होती. ते रडत होते का, हे मी कधी विचारलं नाही. धडका थांबल्या. आवाज तुटक होत गेला, मग नुसते हुंदके, मग पोत्यावर अंग टाकल्याचा धप्प आवाज. मी मनातल्या मनात एक हात सूत काढलं, दोन हात काढलं. मग कडी काढली, थांबले, परत लावली. तर्रीचं नाक माझ्या बोटांना लागलं. ओलं आणि गार.

त्यानंतरच्या रात्री सोप्या होत गेल्या. अण्णा यंत्र दिवसाच चालवू लागले. आई भाकरी करताना एक जाडसर पानगा तर्रीसाठी वेगळा भाजायची.

दीड महिना झाला त्या दिवशी सादिक रिक्षा घेऊन आला. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो परत उजेडासमोर धरला, बराच वेळ. सादिक माझ्याकडे बघेना, मी सादिककडे. “जुळलंय,” डॉक्टर म्हणाले. “छान जुळलंय. सोडा तिला.”

मी फोन लावला. पलीकडे मेंढरांचा कल्लोळ, वारा आणि मामीचं “हां, बोल.” “मामी, जुळलं,” मी म्हणाले. सादिकने दवाखान्यामागच्या अंगणात पट्टा काढला. तर्री आधी सवयीने तीन पायांवर उभी राहिली. मग चौथा पाय तिने हळूच टेकवला, उचलला, परत टेकवला. तिने आमच्याकडे पाहिलं. आणि सुटली. अंगणभर, कडुलिंबाला वळसा घालून, शेपटी ताठ, चारही पायांवर.

माझ्या तोंडून किंचाळी निघाली, “ए तर्री, थांब! पळू नको! पळू नको!”

“काय झालं गं?” फोनमधून मामी ओरडली.

“मामी, ती पळतेय! जोरात पळतेय!”

“मंग पळू दे की, येडे,” मामी म्हणाली. “त्याच्यासाठीच तर कोंडलं व्हतं.”